रिपोर्ट साडेसहाचा, मग पडद्यावर ठिपके कसे?

पत्र थोडक्यात

सांगली जिल्ह्यातल्या एका शिक्षिका ताईंचं पत्र आहे. वय ४९, मधुमेह बारा वर्षांचा. गेल्या दिवाळीच्या सुमाराला त्यांची ‘तीन महिन्यांची साखर’ १०.४ निघाली. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, रात्रीचं इन्सुलिन सुरू केलं. पाच महिन्यांनी तोच रिपोर्ट ६.५ आला आणि घरात पेढे वाटले गेले. त्याच आठवड्यात त्या चष्म्याचा नंबर काढायला गेल्या. तिथून त्यांना डोळ्याच्या पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, डॉक्टरांकडे पाठवलं. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके आहेत आणि डाव्या डोळ्यात पडद्याच्या मध्यभागी सूज आली आहे, असं निदान झालं. दिसतं मात्र अजून ६/६, म्हणजे अगदी नीट. ‘महिन्याभरात परत या, डोळ्यात इंजेक्शन लागेल का ते बघू,’ असं डॉक्टर म्हणाले. त्याला आता तीन महिने झाले.

त्यांचे प्रश्न तीन. रिपोर्ट इतका चांगला असताना डोळा बिघडला कसा? दीर म्हणतात की साखर झपाट्यानं उतरवली म्हणून डोळे गेले, इन्सुलिन कमी कर. त्यात तथ्य आहे का? आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीला एका लॅबचं पॅकेज सापडलं आहे, ‘डोळ्यांचा धोका रक्तातून ओळखा’ असं. आधी ते करून मगच इंजेक्शनचं ठरवावं का? पत्राच्या शेवटी कंसात एक ओळ आहे: ‘मधे पाळीत अंगावरून फार जात होतं, हिमोग्लोबिन ६.८ वर आलं, दोन पिशव्या रक्त चढवलं. याचा इथे संबंध नाही, पण सांगून ठेवते.’

उत्तर

ताई,

तीसेक वर्षं तालुक्याच्या गावात दवाखाना चालवल्यावर एक खोड जडते. पेशंट ‘याचा संबंध नाही’ म्हणून जे सांगतो, त्याकडे कान आधी जातो. म्हणून तुमच्या तीन प्रश्नांच्या आधी मी तो कंस उघडते.

तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, ही रक्तातली साखर मोजतच नाही. तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे, ते ती मोजते. एक तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढे दिवस साखरेच्या पाण्यात पोहत राहते. पेशी जितकी जुनी तितका साखरेचा लेप जाड. लेपावरून आपण गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज बांधतो. पण यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: तपासलेल्या पेशी तुमच्याच आहेत आणि नेहमीइतक्या वयाच्या आहेत.

तुमच्या बाबतीत दोन्ही गोष्टी खऱ्या नव्हत्या. अंगावरून भरपूर गेलं तेव्हा जुन्या, लेप चढलेल्या पेशी वाहून गेल्या. त्यांच्या जागी शरीरानं नव्या कोऱ्या पेशी तयार केल्या. वर दोन पिशव्या दुसऱ्याचं रक्त चढलं, आणि त्या रक्तदात्यांना बहुधा मधुमेह नसावा. पत्रातल्या तारखा जुळवल्या तर रक्त चढवल्यावर सहा आठवड्यांच्या आत तुमचा रिपोर्ट झाला आहे. म्हणजे ६.५ या आकड्यात थोडा वाटा त्या अनोळखी दात्यांचाही आहे. उलट दिशेनंही पाहा. लोह कमी असताना हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा वर जातो. त्यामुळे दिवाळीतला १०.४ सुद्धा किंचित फुगलेला असू शकतो.

माझ्या शंकेला पुरावा तुम्हीच दिला आहे. घरच्या मशीनवर उपाशीपोटी १४० ते १५० आणि जेवणानंतर २०० ते २२० येते, ‘पण मशीन जुनं आहे’ असं तुम्ही लिहिता. बिचाऱ्या मशीनवर लगेच आळ घेऊ नका. ६.५ चा अर्थ दिवसरात्रीची सरासरी साखर १४० च्या आसपास. ज्यांची सकाळची उपाशीपोटीची साखरच १४० च्या वर आहे, त्यांची सरासरी १४० कशी असेल? तुमच्या नोंदींवरून मला ती १७०-१८० च्या घरात दिसते, म्हणजे एचबीए१सी साडेसात ते आठ. १०.४ वरून तिथवर येणं ही खरी कमाई आहे आणि ती तुमचीच आहे. पेढे फक्त थोडे लवकर वाटले गेले.

म्हणून पहिलं काम: तुमच्या फिजिशियनना रक्त चढवल्याची तारीख सांगा. ती त्यांना ठाऊक आहे असं धरून चालू नका. स्त्रीरोगतज्ज्ञाची फाईल एका पिशवीत आणि साखरेची फाईल दुसऱ्या पिशवीत, हे मी आयुष्यभर पाहिलं. रक्त चढवल्याला तीन-चार महिने होईपर्यंत एचबीए१सीवर फार विसंबू नये. तोवर फ्रुक्टोसामाइन नावाची रक्ततपासणी मिळते. ती रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजते आणि दोन-तीन आठवड्यांचा हिशेब देते. तीही नको असेल तर रोज दोन वेळा मशीनवर साखर बघा आणि वहीत लिहा. ती वही खोटं बोलत नाही. मशीनचा संशय असेल तर लॅबमध्ये रक्त देताना त्याच मिनिटाला मशीनवरही एक थेंब टाकून पाहा, दोन आकडे किती जवळ येतात ते कळेल.

आता तुमचा पहिला प्रश्न. समजा, ६.५ अगदी खरा असता. तरी ठिपके दिसले असते का? हो, सहज.

तुम्ही उसाच्या मुलखातल्या, म्हणून तिथलंच उदाहरण देते. वर्षानुवर्षं उसाला पाटानं भरमसाट पाणी दिलं की जमीन क्षारपड होते, वर पांढरा थर येतो. यंदा ठिबक बसवलं म्हणून पुढच्या महिन्यात तो थर जात नाही. ठिबक योग्यच आहे, त्याशिवाय पुढचं नुकसान थांबणार नाही. पण जमिनीचा अंदाज यंदाच्या पाण्यावरून लागत नाही, त्यासाठी शेतात जाऊन माती बघावी लागते. तुमच्या पडद्यावर बारा वर्षांचं पाणी आहे.

पडद्यातल्या केशवाहिन्या केसाहूनही बारीक असतात. त्यांच्या भिंतींना बाहेरून आधार देणाऱ्या पेशी असतात, पेरिसाइट म्हणतात त्यांना. जास्त साखरेत वर्षं गेली की या पेशी मरू लागतात. आधार गेलेली भिंत जागोजागी फुगते. फुगवटा गळतो किंवा फुटतो, तेच तुमचे ठिपके. गळलेलं पाणी आणि चरबी पडद्याच्या मध्यात साठली की सूज येते. हा मध्य म्हणजे मॅक्युला. वाचणं, सुईत दोरा ओवणं, माणसाचा चेहरा ओळखणं, सगळं त्याच्यावर. काही केशवाहिन्या पूर्ण बंद पडतात. मग उपाशी राहिलेला पडदा व्हीईजीएफ नावाचं रसायन सोडून नव्या वाहिन्या मागवतो. त्या इतक्या कच्च्या असतात की शिंकेसारख्या निमित्तानंही फुटून डोळ्यात रक्त भरू शकतं. या प्रवासात बराच काळ काहीही दुखत नाही. नजर ६/६ राहते. ‘मला तर पेपर नीट वाचता येतो,’ असं तुम्ही लिहिलंय. मला ते वाक्य पाठ आहे, कारण उशिरा आलेल्या जवळजवळ प्रत्येकानं ते म्हटलं होतं.

दिरांचं म्हणणं झटकून टाकू नका. गोष्ट खरी आहे, निष्कर्ष चुकला आहे. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात टाइप-१ मधुमेहाच्या १४४१ जणांवर डीसीसीटी नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात ज्यांची साखर कडक ताब्यात आणली, त्यांच्यापैकी १३ टक्क्यांच्या पडद्याचा आजार पहिल्या वर्षात थोडा वाढलेला दिसला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण साडेसात टक्क्यांच्या आसपास होतं. साखर फार जास्त असलेल्या आणि पडदा आधीच थोडा बिघडलेल्या माणसाची साखर झरझर खाली आली की असं होऊ शकतं. पण त्याच अभ्यासात पुढच्या वर्षांत कडक उपचारवाले खूप पुढे निघून गेले. सुरुवातीला पडदा स्वच्छ असलेल्यांमध्ये आजार उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. तेव्हा इन्सुलिन कमी करायचं हा या माहितीचा अर्थ निघत नाही. साखर वेगानं उतरवायची असेल तर आधी पडदा बघून घ्यावा आणि पहिलं वर्षभर दर काही महिन्यांनी बघत राहावं, एवढाच निघतो. तुमचा पडदा दिवाळीत बघायला हवा होता. तेव्हा कुणी सुचवलं नाही, ही चूक तुमच्या एकटीची नाही. शिवाय तुमची साखर खरोखर किती झपाट्यानं उतरली, तेच आपल्याला पक्कं माहीत नाही, कारण उतरणीचे दोन्ही आकडे रक्तस्रावानं हलवले आहेत.

(वजन आणि साखर कमी करण्यासाठी सेमाग्लुटाइडचं आठवड्याचं इंजेक्शन घेणाऱ्यांनीही हे ऐकावं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ते घेणाऱ्यांत पडद्याच्या गुंतागुंती ३ टक्क्यांना झाल्या, न घेणाऱ्यांत १.८ टक्क्यांना. औषध उत्तम आहे. सुरू करण्याआधी डोळे दाखवा, इतकंच.)

आता लेकीच्या पॅकेजकडे. तिची माया मला दिसते. दूर राहणाऱ्या मुलांना आईसाठी काही तरी करायचं असतं, आणि लॅबची बुकिंग मोबाइलवर दोन मिनिटांत होते. तुम्ही पाठवलेल्या यादीत सीआरपी, होमोसिस्टीन, पांढऱ्या पेशींचं एक गुणोत्तर आणि आणखी बरंच काही आहे. हे सगळं थोतांड नाही. पडद्याचा आजार असलेल्या शेकडो जणांचं रक्त तपासलं तर यांतल्या काही गोष्टींची सरासरी थोडी वर दिसते. पण गटाची सरासरी वेगळी आणि एका ताईचा डावा डोळा वेगळा. तुमच्या वर्गातल्या मुलांच्या सरासरी उंचीवरून तिसऱ्या बाकावरच्या मुलाची उंची सांगता येईल का? सीआरपी ही अंगात कुठेही दाह असल्याची खूण, ते तर दाढ दुखली तरी वाढतं. व्हीईजीएफ तयार होतं डोळ्याच्या आत. दंडातून काढलेल्या रक्तावरून त्याचा पत्ता लागत नाही.

खुद्द एचबीए१सीचीच गोष्ट सांगते, कारण त्याच्याइतका कसून अभ्यासलेला रक्ताचा आकडा या आजारात दुसरा नाही. डीसीसीटीचीच माहिती संशोधकांनी पुढे वेगळ्या प्रश्नासाठी तपासली. मधुमेह किती वर्षांचा आणि एचबीए१सी किती, हे दोन्ही धरूनही माणसामाणसांतल्या धोक्याच्या फरकापैकी सुमारे ११ टक्केच उलगडला. बाकीचा आनुवंशिकता, रक्तदाब आणि अजून न उमगलेल्या गोष्टींत विखुरलेला. साखर ताब्यात ठेवण्याचा फायदा प्रचंड आहे, आणि तरीही साखरेच्या आकड्यावरून कुणाचा पडदा कसा आहे ते सांगता येत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. मग त्याहून कच्च्या आकड्यांचं पॅकेज काय सांगणार?

आणि एक साधी बाब. ते पॅकेज धोका ओळखायला आहे. तुमच्याकडे धोका येऊन दार उघडून आत बसलेला आहे. डॉक्टरांनी तो डोळ्यानं पाहिला आहे, त्याचा फोटो आहे. पॅकेजचा रिपोर्ट चांगला आला तर तुम्ही इंजेक्शन लांबवणार, वाईट आला तर तीच तपासणी करायला जाणार. ज्याच्या निकालानं फक्त चुकीच्याच दिशेला फरक पडू शकतो, अशी तपासणी कशाला करायची?

डोळ्याच्या दृष्टीनं उपयोगाचे आकडे वेगळे आहेत, आणि बहुतेक तुमच्या फाईलमध्येच असतील. रक्तदाब तुम्ही ओझरता लिहिलात: १४८/९०. यावर मी सगळ्यात जास्त जोर देईन. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली आले. त्यात टाइप-२ च्या ज्या रुग्णांचा रक्तदाब सरासरी १४४/८२ वर ठेवला, त्यांच्यात पडद्याचा आजार पुढे सरकण्याचं प्रमाण १५४/८७ वाल्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी कमी होतं. दहा अंकांचा फरक! आज तर डॉक्टर त्याहून खालचं लक्ष्य ठेवतात. दुसरं, लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन. मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्या आणि पडद्यातल्या वाहिन्या सख्ख्या बहिणींसारख्या, एक गळू लागली की दुसरीकडे बघायचं. लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण ३० च्या वर गेलं तर डॉक्टरांना सांगा. तिसरं, हिमोग्लोबिन. पडद्याला प्राणवायू भरपूर लागतो, आणि आधीच वाहिन्या बुजलेल्या पडद्याला ६.८ हिमोग्लोबिनवर काढलेले महिने जड गेले असणार. रक्त चढवलं म्हणजे मूळ दुखणं मिटलं असं नाही. अंगावरून का जात होतं, गाठ आहे का, याचा छडा लावून घ्या. चरबीच्या बाबतीत एक नवी गोष्ट: फेनोफायब्रेट ही ट्रायग्लिसराइडची जुनी गोळी पडद्याचा आजार वाढण्याचा वेग कमी करते असं दिसतंय. स्कॉटलंडमधल्या २०२४ सालच्या अभ्यासात सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांचा आजार बळावण्याचं किंवा उपचारांची गरज पडण्याचं प्रमाण २७ टक्क्यांनी घटलं. ती गोळी तुम्हाला चालेल का हे मूत्रपिंडाच्या रिपोर्टवर ठरेल, म्हणून दुकानातून परस्पर आणू नका.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर पाकिटावरची बारीक अक्षरं मुलीला वाचायला सांगा. आपल्याकडच्या तीन औषधं एकत्र असलेल्या साखरेच्या गोळ्यांत पुष्कळदा पायोग्लिटाझोन असतं. ते अंगात पाणी धरून ठेवतं, आणि काहींच्या बाबतीत पडद्याची सूज वाढवतं. असेल तर मनानं बंद करू नका, पण पडद्याच्या सुजेबद्दल फिजिशियनना फोन करून लगेच सांगा.

राहिलं इंजेक्शन. तुमच्या मनातली भीती मला कळते. डोळ्यात सुई म्हटलं की माझेही दात आंबतात, आणि मी आयुष्यभर लोकांना सुया टोचल्या. प्रत्यक्षात थेंबांनी डोळा बधिर करतात, सुई अगदी बारीक असते, काम काही सेकंदांचं. दुखण्यापेक्षा दाब जाणवतो. जंतुसंसर्ग हा खरा धोका, तो फार क्वचित होतो. पण नंतर डोळा लाल होऊन दुखू लागला आणि दिसायला कमी झालं तर त्याच दिवशी धावायचं. औषधं तीन-चार आहेत. त्यांतलं बेव्हासिझुमॅब मूळचं कॅन्सरचं, डोळ्यासाठी इवलासा डोस लागतो म्हणून इतरांपेक्षा बरंच स्वस्त पडतं. एका इंजेक्शनवर भागत नाही, सुरुवातीला सहसा दर महिन्याला घ्यावं लागतं. हा हिशेब आधीच विचारून घ्या, म्हणजे मधेच सोडायची वेळ येणार नाही.

पण तुमच्यापुढे थांबण्याचाही सन्मान्य पर्याय असू शकतो, आणि तो तुम्हाला माहीत असावा. मध्यभागी सूज आहे पण नजर उत्तम आहे अशा सातशेवर रुग्णांचा अभ्यास अमेरिका आणि कॅनडात झाला, निष्कर्ष २०१९ साली आले. काहींना लगेच इंजेक्शनं दिली, काहींना नुसतं नजरेखाली ठेवलं आणि दृष्टी उतरू लागली तरच इंजेक्शन दिलं. दोन वर्षांनी नजर ठळकपणे कमी झालेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात १६ टक्के, दुसऱ्यात १९ टक्के. म्हणजे जवळपास सारखं. दुसऱ्या गटातल्या सुमारे एक तृतीयांश लोकांनाच पुढे इंजेक्शन लागलं. तुमच्या डॉक्टरांनी ‘बघू’ म्हटलं ते याच हिशेबानं म्हटलं असावं. मात्र त्या अभ्यासातले लोक ठरल्या तारखांना येऊन डोळे दाखवत होते. तुम्ही तीन महिने गेलाच नाहीत. याला थांबून बघणं म्हणता येणार नाही, कारण बघणारं कुणीच नव्हतं.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात. टाइप-२ मधुमेह कळला त्याच महिन्यात पडदा तपासून घ्या, कारण आजार कळण्याआधी काही वर्षं अंगात असतो. टाइप-१ असेल तर पाच वर्षांनी सुरुवात. नंतर वर्षातून एकदा, किंवा डॉक्टर म्हणतील तसं. मधुमेही बाईला दिवस राहिले तर पहिल्या तीन महिन्यांतच, गरोदरपणात आजार झपाट्यानं वाढू शकतो. आणि चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे पडदा तपासणं नव्हे. मोतीबिंदूच्या शिबिरात टॉर्च मारून ‘ठीक आहे’ म्हटलं, तेही नव्हे. बाहुली मोठी करणारे थेंब घालून किंवा पडद्याचा फोटो काढून केलेली तपासणीच धरायची.

ताई, या शनिवारची वेळ घ्या. सोबत साखरेची वही, रक्तदाबाचे आकडे, रक्त चढवल्याचा कागद आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं न्या. डॉक्टरांना विचारा: तीन महिन्यांपूर्वीच्या स्कॅनपेक्षा सूज वाढली की घटली? आज इंजेक्शन न घेता थांबलो तर किती दिवसांनी यायचं, आणि काय दिसलं तर थांबणं संपवायचं? उजव्या डोळ्याचा टप्पा कोणता? उत्तरं तिथल्या तिथे लिहून घ्या. शक्य असेल तर पॅकेजची बुकिंग रद्द करून मुलीला त्या दिवशी बोलवा. स्क्रीनवर आईच्या पडद्याचा फोटो तिनंही बघावा. थेंबांनंतर चार-पाच तास जवळचं धूसर दिसेल, उन्हाचा त्रास होईल, तेव्हा काळा चष्मा विसरू नका आणि येताना स्कूटर तिला चालवू द्या.